दारापुढचे लहान झाड : आधी जागा, मग फूल



गणपती किंवा शिमगा आटोपून मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्याच्या सामानात तांदळाची पिशवी, कोकम आणि कुळथाचे पीठ असतेच. पण ओल्या गोणपाटात गुंडाळलेले एखादे रोपही त्यात पुष्कळदा दिसते. कोणी फणस नेतो, कोणी सोनचाफा नेतो. लालबाग, परळ, शिवडी येथील चाळींपुढे आणि सोसायट्यांच्या अंगणांत आज जी झाडे उभी आहेत, त्यांतील अनेक अशीच गावाहून आलेली आहेत. हे प्रेम मोलाचे आहे. मात्र चार मीटर रुंदीच्या अंगणात फणस लावला, तर वीस वर्षांनी त्याचे काय होईल, याचा विचार रोप नेणारा करीत नाही आणि देणाराही करीत नाही.

शेतात एखादे पीक चुकले तर पुढील हंगामात ते बदलता येते. झाडाच्या बाबतीत चूक कळायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तोपर्यंत ती सुधारणे कठीण झालेले असते. म्हणून दारापुढे लावावयाच्या लहान शोभेच्या झाडांची निवड कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरण शिवडीचे घेतले आहे. तथापि यातील पायऱ्या गावाकडील घराचे अंगण, शाळेचे आवार किंवा रस्त्यालगतचे दुकान या सर्व ठिकाणी उपयोगी पडतील.

शिवडीच्या अंगणात काय घडले

माझे मामा गोदीत नोकरीला होते. निवृत्तीनंतर ते शिवडीतच एका जुन्या सोसायटीत राहतात. तिच्या फाटकाजवळ एक गुलमोहर होता. रहिवाशांनीच बावीस वर्षांपूर्वी हौसेने लावलेला. मे महिन्यात सारी इमारत त्याचे कौतुक करी. चार वर्षांपूर्वी जुलैमधील एका रात्री, दोनच्या सुमारास, त्याची मांडीएवढी जाड फांदी मोडून खालच्या बाकावर पडली. संध्याकाळी याच बाकावर मुले बसत असत. रात्रीची वेळ असल्याने कोणास इजा झाली नाही. बाकाचे मात्र दोन तुकडे झाले. पुढे तपासणीत खोड आतून पोकळ झाल्याचे आढळले आणि रीतसर परवानगी घेऊन ते झाड काढावे लागले.

पावसाळ्यात झाड किंवा फांदी अंगावर पडून माणसे दगावल्याच्या बातम्या मुंबईत दरवर्षी येतात. अशा वेळी काही लोक झाडे लावणेच नको असे म्हणू लागतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. दोष झाडे लावण्यात नसून जागा न पाहता लावण्यात आहे.

गुलमोहर गेल्यावर सोसायटीची बैठक झाली. एकाचे म्हणणे पुन्हा गुलमोहरच लावावा. सचिवांना भिंतीसारखा सरळ वाढणारा 'अशोक' हवा होता. तळमजल्यावरील अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी मला म्हणाल्या, "बाळा, पारिजातक लाव. माझ्या डोळ्यांदेखत फूल पडलं पाहिजे." प्रत्येकाने फुलापासून सुरुवात केली होती. जागा कोणीच मोजली नव्हती.

येथे माझी स्वतःची एक चूकही सांगितली पाहिजे. त्याच्या दोन वर्षे आधी मामांनी विचारले म्हणून मी त्याच अंगणात सोनचाफ्याचे कलम लावण्यास सांगितले होते. खड्डा किती खोल घेतला, खाली काय लागले, हे मी विचारले नाही. पहिल्या वर्षी कलम चांगले फुटले. दुसऱ्या पावसाळ्यात पाने कडेने करपून गळाली आणि सप्टेंबरपर्यंत ते वाळून गेले. कारण जमिनीत होते. ते पुढे आलेच आहे.

पायरी पहिली : जागेचे मोजमाप

फीत घेऊन अंगणाची लांबी-रुंदी मोजावी व कागदावर साधा नकाशा काढावा. त्यावर पुढील गोष्टींची नोंद करावी.

१) इमारतीची भिंत आणि कुंपणाची भिंत. पूर्ण वाढ झाल्यावर ५ मीटरपर्यंत उंच होणारी झाडे इमारतीच्या भिंतीपासून किमान २.५ ते ३ मीटरवर लावावीत. ६ ते १० मीटर उंचीच्या मध्यम झाडांसाठी हे अंतर ४.५ ते ५ मीटर ठेवावे. कुंपणाच्या भिंतीपासून किमान १ मीटर जागा सोडावी.

२) जमिनीखालील गोष्टी. पाण्याची टाकी, सांडपाण्याची वाहिनी, विजेची केबल कोठून जाते ते जुन्या रहिवाशांना किंवा प्लंबरला विचारावे. ओलाव्याच्या शोधात मुळे सांडपाण्याच्या फुटक्या सांध्यांतून आत शिरतात. अशा वाहिनीपासून २ मीटर दूर राहावे.

३) डोक्यावरील गोष्टी. विजेच्या किंवा टेलिफोनच्या तारांखाली मध्यम उंचीचे झाड कधीही लावू नये. दरवर्षी एका बाजूने तोडलेले झाड तोल गमावते आणि तेच पुढे पडते.

४) ऊन. सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता अंगणात ऊन कोठपर्यंत येते ते पाहावे. फुलांच्या बहुतेक झाडांना रोज किमान ५ ते ६ तास थेट ऊन लागते. दोन इमारतींच्या मधील पट्ट्यात ते मिळत नाही.

५) खाली जमीन आहे की स्लॅब. नव्या उंच इमारतींत पुढची बाग पुष्कळदा वाहनतळाच्या छतावर केलेली असते. तेथे किमान ७५ ते ९० सें.मी. मातीचा थर असल्याशिवाय कोणतेही झाड लावू नये. थर असला तरी ४ मीटरपेक्षा उंच होणारे झाड निवडू नये.

मामांच्या अंगणाची लांबी १८ मीटर आणि रुंदी ४ मीटर भरली. फाटकाजवळ ती ६ मीटर होती. मधोमध ३ मीटर लांबीची पाण्याची टाकी निघाली. म्हणजे झाडांसाठी चारच जागा उरल्या. त्यांतील तीन लहान झाडांच्या आणि फाटकाजवळची एक मध्यम झाडाची.

पायरी दुसरी : जमिनीची ओळख

शिवडीत थोड्याशा अंतरात दोन प्रकारची जमीन आढळते. किल्ल्याची टेकडी आणि तिच्या उताराकडील भागात खडक वर आहे. माती उथळ, मुरमाड, पण निचरा चांगला. याउलट बंदराकडील सखल भागात बरीचशी जमीन भरावाची आहे. भरावात मुरूम, विटांचे तुकडे, जुना चुना, सिमेंट असे काहीही निघते. त्याखाली खाडीचा चिखल असतो. शिवडीच्या ज्या चिखलपट्टीवर हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित पक्षी उतरतात आणि जिच्या काठाने खारफुटी वाढते, तिचेच हे आतले अंग समजावे.

किनारा म्हटले की आपण खाऱ्या वाऱ्याचा विचार करतो. परंतु शिवडी मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. पावसाळ्यातील जोरदार वारे नैर्ऋत्येकडून येतात आणि शिवडीपर्यंत पोहोचताना शहरावरून येतात. त्यामुळे वरळी किंवा दादरच्या चौपाटीइतका मीठवाऱ्याचा मारा येथे बसत नाही. सखल भागात येथील खारेपणा मुख्यतः खालून येतो. भरतीबरोबर भूजल वर सरकते आणि ज्या झाडाची मुळे खोल जातात ते प्रथम पकडीत येते. माझा सोनचाफा असाच गेला.

हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे. मे महिन्यात, शक्यतो अमावस्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाच्या सुमारास, १ मीटर खोल खड्डा घ्यावा. भरतीच्या वेळी त्यात पाणी झिरपते काय आणि किती खोलीवर, ते पाहावे. झिरपल्यास ते बाटलीत भरून ठेवावे. पाणी न लागल्यास खड्डा अर्धा भरेल इतके पाणी ओतावे. २४ तासांत ते जिरले तर निचरा समाधानकारक समजावा. जिरले नाही तर निचरा खराब आहे.

त्यानंतर मातीचा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. विद्युतवाहकता प्रति मीटर १ डेसीसायमनपेक्षा कमी असल्यास क्षारांची अडचण नाही. १ ते २ दरम्यान असल्यास क्षारांना संवेदनशील झाडे टाळावीत. २ च्या वर असल्यास फक्त क्षार सहन करणारी झाडे निवडावीत किंवा मातीचा उंच ओटा करून त्यावर लागवड करावी. भरावात चुना व सिमेंट असल्यास सामूही वाढतो. अशा मातीत कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. अशा झाडाला नुसता युरिया देऊन उपयोग होत नाही.

मामांच्या अंगणात ७५ सें.मी. खोलीवर पाणी लागले. ते तोंडात धरवत नव्हते इतके खारट होते.

कोणती झाडे टाळावीत

लहान अंगणात पुढील झाडे लावू नयेत.

वड, पिंपळ, उंबर : ही झाडे पूज्य आहेत, पण त्यांची जागा मोकळ्या मैदानात किंवा पारावर. मुळे पाया आणि वाहिन्या उचलतात.

गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष : वाढ झपाट्याने, लाकूड ठिसूळ, विस्तार मोठा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे उथळ पसरतात आणि फरशीने कोंडली की आधार कमी पडतो. पर्जन्यवृक्षाचे मुंबईत पिठ्या ढेकणाने अलीकडच्या वर्षांत बरेच नुकसान झाले आहे.

सप्तपर्णी : ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील उग्र वासाचा काहींना त्रास होतो. झाडही फार उंच जाते.

कैलासपती, नारळ, फणस : जड फळे येण्या-जाण्याच्या वाटेवर पडतात.

पिवळी कण्हेर अर्थात बिट्टी : आकाराने लहान व चिवट, परंतु बिया अत्यंत विषारी असतात. जेथे मुले खेळतात तेथे लावू नये.

सचिवांना हवा असलेला उंच सरळ 'अशोक' हा खरा अशोक नव्हे. त्याला आसुपालव किंवा खोटा अशोक म्हणतात. जागा कमी व्यापतो हे खरे, पण १२ ते १५ मीटर उंच जातो आणि पावसाळी वाऱ्यात मधूनच मोडतो.

योग्य झाडांची निवड

येथे दिलेली उंची शहरातील अंगणात साधारणतः मिळणारी आहे.

अ) लहान झाडे

पांढरा चाफा अर्थात देवचाफा : उंची ४ ते ६ मीटर. भरपूर ऊन हवे. खारेपणा, मुरूम, पाण्याची टंचाई हे सारे सहन करतो. फक्त पाणी साचलेले सहन करीत नाही. फांदीपासून सहज वाढतो. छाटाची चिकटी सुकण्यासाठी फांदी ८ ते १० दिवस सावलीत ठेवून मग लावावी. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत फुले भरपूर येतात. हिवाळ्यात पाने गळतात, त्यामुळे झाड मेले असे समजू नये.

शेंदरी भोकर : नर्सरीत 'कॉर्डिया' म्हणून मिळतो. उंची ४ ते ६ मीटर. केशरी-शेंदरी फुलांचे घोस वर्षातून अनेकदा येतात. खारी जमीन व खारा वारा दोन्ही सहन करतो. गुलमोहराचा रंग हवा पण धोका नको, अशांसाठी हे झाड योग्य आहे.

पारिजातक : उंची ३ ते ५ मीटर. बियांपासून वाढविलेल्या रोपालाही दोन-तीन वर्षांत फुले येऊ लागतात. बहर ऑगस्ट ते डिसेंबर. निचरा अत्यावश्यक. खारे पाणी चालत नाही. सखल जागेत ओट्यावरच लावावा.

कुंती अर्थात कामिनी : उंची ३ ते ४ मीटर. अर्धवट सावलीतही फुलते, म्हणून दोन इमारतींच्या मधल्या जागेस उपयुक्त. स्लॅबवरील बागेतही चालते. मात्र बागायतदार बंधूंनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लिंबूवर्गीय झाडांवरील सिला ही कीड कुंतीवर चांगली पोसते आणि हीच कीड ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते. म्हणून लिंबू, मोसंबी किंवा संत्र्याची बाग जवळ असल्यास कुंती लावू नये.

आपटा : उंची ४ ते ६ मीटर. खडकाळ, हलक्या जमिनीत वाढतो. शिवडीच्या टेकडीकडील भागास योग्य. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात. घरचा आपटा असल्यास खरे पान मुलांना दाखविता येते.

आ) मध्यम झाडे

परसभेंडी : उंची ६ ते १० मीटर. किनाऱ्याचेच झाड. खारी माती, भरती, वारा यांना दाद देत नाही. पिवळी फुले संध्याकाळपर्यंत लालसर होतात. पाने वर्षभर हिरवी राहतात व सावली दाट पडते. जेथे दुसरे काही टिकत नाही तेथे प्रथम हिचा विचार करावा.

तामण : महाराष्ट्राचे राज्यपुष्प. उंची ८ ते १० मीटर. एप्रिल ते जूनमध्ये जांभळी फुले येतात. कोकणात ओढ्या-नद्यांच्या काठी आढळत असल्याने पाणथळ जागेत चालते, असे आपण सांगतो. ते गोड्या पाण्यापुरतेच खरे आहे. खाऱ्या पाण्यात तामण टिकत नाही.

बहावा : उंची ८ ते १० मीटर. निचऱ्याच्या, खडकाळ जमिनीतही चांगला वाढतो. पिवळ्या फुलांचे झुबके एप्रिल-मेमध्ये येतात. त्या आधी झाड काही दिवस जवळजवळ पर्णहीन असते.

कांचन : उंची ६ ते ८ मीटर. जांभळा कांचन ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये फुलतो, म्हणजे इतर झाडांची फुले कमी असतात तेव्हा. भर पावसाळी वाऱ्याच्या जागी फांद्या मोडतात, म्हणून आडोसा पाहावा.

सीता अशोक : हा खरा अशोक. उंची ६ ते ९ मीटर, वाढ सावकाश. अर्धसावली, ओलावा आणि वाऱ्यापासून आडोसा आवडतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये खोड-फांद्यांवर नारिंगी-लाल गुच्छ येतात. खाऱ्या जमिनीत लावू नये.

बकुळ : उंची १० ते १२ मीटर, पण वाढ इतकी मंद की छाटणीने पुष्कळ वर्षे आटोक्यात राहते. खारा वारा सहन करते, लाकूड मजबूत आहे. थोडी रुंद जागा असल्यास उत्तम.

शक्य असल्यास निवड करण्यापूर्वी पूर्ण वाढलेले झाड डोळ्यांनी पाहावे. मुंबईकरांसाठी भायखळ्याची राणीची बाग जवळ आहे. ती १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. फार थोड्यांना ठाऊक असेल की शिवडीतही एके काळी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. १८६५ साली तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जमीन ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली. म्हणजे शिवडीत झाडे वाढत नाहीत हा समज खरा नाही. कोणत्या भागात कोणते झाड, एवढाच प्रश्न आहे.

रोप खरेदी करताना

१) रोप १ ते १.५ मीटर उंच, एका सरळ खोडाचे असावे. उंच पण काडीसारखे बारीक रोप घेऊ नये.

२) पिशवीच्या तळातून जाड मूळ जमिनीत गेले असल्यास ते रोप नाकारावे. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळे पुढेही तशीच जाड होत जातात. असे झाड दहा वर्षांनी वाऱ्यात मुळासकट उपटते.

३) सोनचाफा लावण्याजोगी जागा असल्यास कलमच घ्यावे. कलमाला दोन-तीन वर्षांत फुले येतात. बियांच्या रोपाला बरीच वर्षे लागतात आणि झाडही फार मोठे होते.

४) नाव नीट विचारावे. 'अशोक' म्हणून आसुपालव आणि 'बहावा' म्हणून गुलाबी कॅशिया दिला जातो. पानांवरून खात्री करावी.

रोपवाटिका चालविणाऱ्या बंधूंना एक विनंती आहे. रोपाच्या पाटीवर नाव आणि किमतीबरोबर पूर्ण वाढीची उंची व भिंतीपासून ठेवावयाचे अंतरही लिहावे. गिऱ्हाईक त्यामुळे कमी होत नाही. उलट विश्वासाने पुन्हा येते.

लागवड

मे महिन्यात ६० x ६० x ६० सें.मी. आकाराचे खड्डे घेऊन १५ दिवस उन्हात तापू द्यावेत. भरावातील विटा, सिमेंट, प्लास्टिक वेचून काढावे. खड्डा चांगली पोयटा माती, दोन घमेली कुजलेले शेणखत, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट व अर्धा किलो निंबोळी पेंड यांच्या मिश्रणाने भरावा. मुंबईत सर्वसाधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो. दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर लागवड करावी.

पिशवी कापून काढावी, मुळांभोवतीची हुंडी फुटू देऊ नये. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच ठेवावे. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. बांबूचा आधार देऊन सुतळी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधावी.

खारे पाणी वर असल्यास किंवा निचरा खराब असल्यास खड्डा खोल घेण्यात अर्थ नाही. तेथे विटांचा किंवा चिऱ्याचा साधारण २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद व ६० सें.मी. उंच ओटा बांधून त्यात बाहेरून आणलेली चांगली माती भरावी. ओट्याला तळाशी पाणी जाण्यासाठी भोके ठेवावीत. पावसाळ्यातील गोड्या पाण्याने ओट्यातील क्षार धुऊन जातात. मुंबईत वर्षाला सुमारे २२०० ते २५०० मि.मी. पाऊस पडतो, त्याचा हा फायदा होय.

निगा

पाणी : पावसाळा संपताच ऑक्टोबरपासून पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी ८ ते १० लिटर पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा पुरते. खाऱ्या बोअरिंगचे पाणी देऊ नये. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.

खत : दुसऱ्या वर्षापासून जून व ऑक्टोबरमध्ये प्रत्येक झाडास एक घमेले शेणखत किंवा गांडूळखत पुरेसे आहे. जास्त नत्राने पाने वाढतात, फुले कमी येतात आणि फांद्या ठिसूळ होतात.

छाटणी : पहिली तीन-चार वर्षे महत्त्वाची. एकच मुख्य खोड ठेवावे. अरुंद कोनात वाढणाऱ्या जोडफांद्यांपैकी एक लहान असतानाच काढावी, कारण पुढे फांदी तेथूनच फाटते. फुले येऊन गेल्यावर हलकी छाटणी करावी. शेंडा तोडून झाड बुटके करू नये. त्यानंतर फुटणारे फुटवे कमजोर जोडाचे असतात आणि वाऱ्यात तेच प्रथम पडतात.

बुंधा मोकळा ठेवणे : अंगणाला काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक करताना बुंध्याभोवती किमान १ x १ मीटर माती उघडी ठेवावी. खोडाला खिळे ठोकणे, दिव्यांच्या माळा आवळणे, चुना फासणे टाळावे. खिळ्याच्या जखमेतून बुरशी शिरते. मामांच्या गुलमोहराच्या पोकळ भागात जुन्या पाटीचे दोन गंजके खिळे सापडले.

कीड व रोग : पिठ्या ढेकूण दिसल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा व ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. चाफ्याच्या पानांखाली तांबेऱ्याची नारिंगी भुकटी आढळल्यास गळलेली पाने गोळा करून नष्ट करावीत. बहाव्याची पाने फुलपाखरांच्या अळ्या खातात, पण झाड पुन्हा फुटते. त्यासाठी दारात विषारी औषध फवारू नये. परसभेंडीच्या बियांवर जमणारे लाल ढेकूण झाडाला अपाय करीत नाहीत.

कायद्याची बाजू

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये शहरात झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड स्वतःच्या आवारात असले तरीही. मोठ्या फांद्या छाटावयाच्या असल्यास पावसाळ्यापूर्वी पुरेसा वेळ ठेवून महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाकडे अर्ज करावा. झाड अचानक एका बाजूला झुकणे, बुंध्याजवळची माती फाटणे, खोडावर कुत्र्याच्या छत्र्या उगवणे ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसताच कळवावे. कायदा झाडाच्या बाजूने आहे, हे योग्यच आहे. त्यामुळेच लावण्यापूर्वीचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.

शेवटी काय लावले

मामांच्या अंगणात फाटकाजवळच्या रुंद जागी परसभेंडी लावली. ती इमारतीपासून ४.५ मीटरवर आहे. गुलमोहराचा आग्रह धरणाऱ्यांसाठी कुंपणापासून १ मीटरवर शेंदरी भोकर लावला. त्यापुढे चार मीटरवर पांढरा चाफा. टाकीवरची जागा मोकळी ठेवून तेथे नवा बाक ठेवला. आजींच्या खिडकीसमोर ओटा बांधून पारिजातक लावला. सचिवांना सीता अशोक हवा होता, पण त्या जमिनीत तो जगणार नाही हे त्यांना खड्ड्यातील पाणी चाखायला देऊनच पटवावे लागले.

चारही झाडे आज जिवंत आहेत. भेंडी दुसऱ्या मजल्याच्या गजांपर्यंत पोहोचली आहे. पारिजातकाला दुसऱ्याच वर्षी गणपतीच्या सुमारास फुले आली. पहिल्या दिवशी सात फुले पडली. आजींनी ती मोजून परडीत ठेवली आणि मामांनी मला दूरध्वनी करून आकडा सांगितला.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या खेपेस मुंबईच्या भावाला किंवा मुलाला रोप देण्यापूर्वी त्याला तीन गोष्टी विचारा. भिंतीपासून जागा किती आहे, ऊन किती तास येते आणि एक मीटर खाली काय लागते. त्याला उत्तरे ठाऊक नसतील तर रोप या खेपेस आपल्याच परसात राहू द्या आणि त्याच्या हाती मोजण्याची फीत द्या. गावच्या घरापुढे झाड लावताना हेच तीन प्रश्न स्वतःलाही विचारा.